आकाशगंगा एकच, दीर्घिका अब्जावधी

अर्जुनी-मोरगावकडच्या एका गुरुजींनी विचारलंय: बातमीत 'विश्वाच्या बालपणातल्या प्रचंड आकाशगंगा' असं छापून आलं होतं, तर आकाशगंगेचं अनेकवचन कसं करावं?

करूच नये, गुरुजी! वैनगंगेचं करता काय? आकाशगंगा हे आपण राहतो त्या दीर्घिकेचं, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहाचं, विशेषनाम. टीव्हीवाले 'नवी आकाशगंगा सापडली' म्हणून ओरडतात, ऐकून कान किटले.

सामान्यनाम दीर्घिका. दीर्घ म्हणजे लांब, हे पोरांनाही समजते. 'दीर्घवर्तुळाकार असते म्हणून दीर्घिका' अशी एक व्युत्पत्ती मात्र विद्वान मंडळी छातीठोक सांगतात. मग सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारख्या वळणदार हातांच्या दीर्घिकांचं काय करायचं, बाप्पा? अमरकोश उघडा: 'वापी तु दीर्घिका'. वापी म्हणजे पायऱ्यांची विहीर, लांबट जलाशय; आपली बावडी ह्या वापीचीच लेक. माझं तर ठाम मत आहे, हा शब्द खगोलात नेणाऱ्याच्या डोळ्यापुढं पाणीच होतं. ग्रीकांना आभाळातल्या त्या पांढुरक्या पट्ट्यात दूध दिसलं, त्यावरून गॅलक्सी. आपला शब्द जास्त मुद्द्याचा, कारण दीर्घिका भरत भरतच मोठी होते. कृष्णद्रव्याच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पदार्थाच्या, धाग्यांवरून थंड वायू आत ओघळतो, त्याचे तारे होतात, लहान दीर्घिका येऊन मिसळतात. श्रावणात वरची बोडी, म्हणजे लहान तळं, भरली की पाणी सांडव्यावरून खालच्या मालगुजारी तलावात उतरते, अगदी तसं.

स्फोट होणारे तारे आणि मधलं कृष्णविवर हा वायू तापवून बाहेर लोटतात, म्हणून भरण सावकाश व्हायला हवं. पण जेम्स वेब दुर्बिणीनं २०२२ पासून हिशेबच बिघडवला. जेड्स-जीएस-झेड१४-० ही लखलखीत दीर्घिका महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या जन्मानंतर, जेमतेम २९ कोटी वर्षांनीची! काही दीर्घिकांचं वस्तुमान आधी फुगवून धरलं गेलं; कृष्णविवराभोवतीचा उजेड ताऱ्यांच्या खात्यावर मांडला होता. तो वजा केला तरी कोडं पुरतं सुटत नाही. तेव्हा वायू दाट होता, तारे झपाट्यानं बनले, असं बरेच जण मानतात.

आणि २०२५ मध्ये पुण्याच्या एनसीआरए ह्या रेडिओ-खगोल केंद्रातल्या संशोधकांनी महास्फोटानंतर दीडेक अब्ज वर्षांनीची एक डौलदार सर्पिल दीर्घिका जाहीर केली. नाव ठेवलं अलकनंदा, कारण हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि हिमालयात ह्या दोघी नद्या बहिणी. पुन्हा पाणीच! दीर्घवर्तुळवाल्यांनी आता बोलावं.