व्हर्मीरची प्रतिकृती आणि नाकाची न दिसणारी रेघ

प्रश्न : तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकण्यासाठी मी सतराव्या शतकातील डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ची प्रतिकृती करीत आहे. चौकटी आखून रेखाटन नीट उतरवले, प्रत्येक रंग छापील चित्राशी ताडून मिसळला; तरी चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो आणि सावल्या मळकट होतात. त्यापेक्षा माणूस समोर बसवून शिकणे बरे का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून रेखाटनात दोष वाटत नाही, रंगवण्याचा क्रम मात्र उलटा झाला आहे. छापील चित्रात दिसतो तो शेवटचा थर, आणि आपण तोच पहिल्या हातात गाठू पाहत आहात. हे चित्र साधारण १६६५ चे आहे. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात २०१८ मध्ये त्याची जी शास्त्रीय तपासणी झाली, तिच्यात व्हर्मीरने आधी तपकिरी आणि काळ्या रंगांत छायाप्रकाश मांडून घेतल्याचे, तसेच कान आणि मानेची मागची कड काम चालू असताना सरकवल्याचे आढळले. आज काळीभोर दिसणारी पार्श्वभूमीही मुळात हिरवा पडदा होती. तिच्यावरचा पारदर्शक हिरवा लेप काळाच्या ओघात बदलून गेला. म्हणून छापील रंगाशी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट सोडावा, कारण त्यात चित्रकाराच्या निवडीबरोबर साडेतीन शतकांचे वयही मिसळलेले आहे.

नव्या कॅनव्हासवर फक्त रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चेहऱ्याच्या उजेड-सावलीचे मोठे आकार मांडा, ते पूर्ण वाळू द्या आणि मगच त्वचेच्या रंगाला हात घाला. पुढच्या प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे वाढवावे; तेलकट थरावर कमी तेलाचा थर चढवला तर वरचा आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात. सावल्या मळकट होण्याचे कारण बहुतेक वेळा पांढरा रंग असतो. टायटॅनियम व्हाइटची झाकण्याची ताकद मोठी, त्यामुळे तो सावलीत थोडा जरी गेला तरी तिची खोली जाऊन तिथे खडूसारखा करडेपणा येतो. सावली पातळ आणि शक्यतो पांढऱ्याविना ठेवा, दाट रंग उजेडासाठी राखून ठेवा.

आता चिकटवल्यासारख्या चेहऱ्याबद्दल. मूळ चित्रातील नाक डोळे किलकिले करून पाहा. नाकाचा दांडा आणि त्याच्या पलीकडचा, उजेडातला गाल यांच्यामध्ये रेघ नाहीच. दोन्हीकडे जवळजवळ एकच त्वचेचा रंग आहे आणि नाक आपली नजर पूर्ण करते. चौकटीने उतरवलेल्या रेखाटनात आपण ती रेघ ओढली असणार आणि पुढे रंगवताना इमानाने जपलीही असणार. ओल्या रंगावर कोरडा, मऊ ब्रश हलकेच फिरवून ती कड विरवून टाका. मोत्याचेही तसेच आहे : वर डावीकडे दाट पांढऱ्याचा एक ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरचे मंद प्रतिबिंब, आणि कानात अडकवायची कडीसुद्धा नाही. किती कमी रंगवून भागते हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

माणूस समोर बसवण्याचा आपला विचार योग्य आहे, परंतु प्रतिकृती सोडून नव्हे. प्रतिकृतीत निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात आणि आपण त्यांची कारणे शोधतो. जिवंत चेहऱ्यासमोर ते आपल्यालाच घ्यावे लागतात. त्यामुळे संपूर्ण चित्र पुरे करण्याच्या मागे लागू नका, निळे-पिवळे शिरोवस्त्र तर खुशाल सोडून द्या. डोळे, नाक आणि ओठ एवढाच भाग करा आणि तो वाळेपर्यंत, डावीकडून एकच प्रकाश घेऊन, आरशात पाहून स्वतःचा चेहरा त्याच क्रमाने रंगवा.

मूळ चित्र ४४.५ × ३९ सेंटिमीटरचे आहे. आपली प्रतिकृती त्याहून वेगळ्या आकाराची ठेवा आणि कॅनव्हासच्या मागे ‘व्हर्मीरच्या चित्रावरून’ असे लिहून आपले नाव घाला. लूव्र संग्रहालयातही प्रतिकृती करणाऱ्यांना मूळ आकार वापरू दिला जात नाही.