लॉक नव्हे, लॉग!

'वॉटरलॉग्ड'मधला 'लॉग' कसला आणि या शब्दाला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आला आहे. आधी हात जोडून विनंती: मुंबईत हिंदमाता चौकात पाणी भरलं की 'हिंदमाताला वॉटर लॉक झालंय' हे बोलणं थांबवा. तिथे कुणी कुलूप घातलेलं नाही. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका.

शब्द खलाशांचा. जहाजाच्या पोटात इतकं पाणी शिरतं की ते बुडत नाही, पण सुकाणूलाही जुमानत नाही. येईल ती लाट अंगावर घेत ओंडक्यासारखं लोळत राहतं. विल्यम फाल्कनरच्या १७६९च्या नौकानयन कोशात व्याख्या जवळपास अशीच आहे. हा फाल्कनर स्वतः दर्यावर्दी. त्याच वर्षी तो 'ऑरोरा' जहाजावरून हिंदुस्थानकडे निघाला. आफ्रिकेच्या दक्षिणेचं केप सोडल्यावर ते जहाज पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलं नाही!

काही जाणकार इथे 'क्लॉग' आणतात: पाणी तुंबलं म्हणून क्लॉग, त्यातून लॉग. अहो, यमक जुळलं की व्युत्पत्ती झाली का? आणि गंमत बघा, क्लॉग हाही मुळात लाकडाचा ठोकळाच, जनावर पळू नये म्हणून पायात अडकवलेला. म्हणजे आपलं लोढणं! क्लॉग धरून पळालात तरी लाकडावरच आपटणार.

जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून पाण्यात टाकायची फळी, तीही लॉग. दोरीला गाठी, म्हणून वेग 'नॉट'मध्ये. वेग टिपायची वही ती लॉगबुक. त्या वहीची शेपटी धरून आपण आज बँकेत 'लॉग-इन' करतो.

हां, मराठी शब्द. रस्त्यावर पाणी तुंबतं किंवा साचतं, बस. 'जलभराव' हिंदीला साभार परत. शेताची गोष्ट निराळी. तिथे पाणी वर दिसेलच असं नाही, पण मातीच्या पोकळ्यांत भरून बसतं, मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडतं. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अशा जमिनीला 'चिबड' म्हणतात. आतून पाणी भरून निकामी झालेली. म्हणजे फाल्कनरच्या जहाजाची सख्खी बहीण हीच, हिंदमाता नव्हे. कोकणातल्या मंडळींनी मात्र चिबुडाशी गल्लत करू नये. ते फळ, गूळ घालून खायचं.