गव्हांकुर, पाऊस आणि ते गुलाबी दाणे

आपल्या गटावर डिचोलीच्या ताईंनी विचारलंय की त्यांचा गव्हांकुराचा, म्हणजे रसासाठी वाढवलेल्या गव्हाच्या कोवळ्या गवताचा ट्रे दर वेळी अर्ध्यावर बुरशीने जातो. पाणी कमी केलं, जागा बदलली, तरी तेच. आणि जाता जाता एक ओळ टाकलीय: 'बियाण्याच्या दुकानातून सुटे आणलेले गहू जरा गुलाबी आहेत, भिजवल्यावर पाणी लाल होतं, ते चालतं ना?' वरच्या उत्तरांत सगळ्यांनी बुरशीवर भरभरून लिहिलं. मी मात्र त्या ओळीवरच थांबलो. ताई, चालत नाही. ट्रेमध्ये आहे ते फेकून द्या, रस कोणाला देत असाल तर आजच बंद करा. गुरांनाही घालू नका. बुरशीचं मग बघू.

तो रंग शोभेचा नसतो. पेरणीच्या गव्हाला बुरशीनाशक चोळतात आणि हे दाणे कोणी चुकून दळायला टाकू नयेत म्हणून त्यात मुद्दाम रंग घालतात. मूळ थैलीवर 'खाण्यासाठी वापरू नये' असं छापलेलंही असतं. पण दुकानदाराने थैली फोडून पाव किलोच्या पिशव्या बांधल्या की ते छापलेलं त्याच्याकडे राहतं आणि दाणे तुमच्याकडे येतात.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. दुकानाचं नाव घेणार नाही, गाव फोंडा तालुक्यातलं एवढं पुरे. मी काउंटरवर स्पष्ट सांगितलं होतं, शेतात नाही पेरायचे, घरी गवत वाढवून वडिलांना रस द्यायचाय. उत्तर आलं, 'धुऊन घ्या, जातं.' इतक्या खात्रीने सांगितलं की पुढे विचारायचं काही उरलंच नाही.

जात नाही. गव्हाच्या काणी रोगाची (कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी होते तो) बुरशी दाण्याच्या आत, अंकुरातच दडलेली असते. म्हणून तिच्यावर जी औषधं वापरतात, कार्बोक्सिन किंवा कार्बेन्डाझिमसारखी, ती आत शिरणारीच असतात. आत शिरणं हेच त्यांचं काम. थायरमसारखं वरवर बसणारं औषध थोडंफार पाण्याबरोबर निघत असेल, पण पिशवीत कुठलं आहे हे तुम्हाला कोण सांगणार? शेतातला गहू कापणीला यायला चार महिने लागतात, तोवर औषधाचा अंश विरतो. आपण आठवड्याभरात कापून तो रस कच्चाच पितो. दोन्हींत काही तुलनाच नाही.

कोणी म्हणेल, औषध लावलंय तर मग बुरशी का येते? एक तर वरचा थर तुम्ही लाल पाण्यासकट ओतून दिलात. दुसरं, कार्बोक्सिन काणी-तांबेरा गटातल्या बुरशीवर चालतं, ट्रेमधल्या साध्या बुरशीला त्याचं फारसं काही वाटत नाही. आणि तिसरं म्हणजे हे दाणे बहुतेक गेल्या हंगामातले उरलेले असतात. गोव्यात गहू पेरतो कोण? घाटावरून आलेली थैली कोपऱ्यात पडून राहते. त्यातले मेलेले दाणे ओल्यात कुजतात आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं.

माझ्या लक्षात आलं ते शेजारच्या कृषी पदवीधर मुलीमुळे. ती चहाला आली होती, वाडग्यातलं लाल पाणी बघितलं आणि कप तसाच खाली ठेवला. मी शेजारपाजारीही थोडे ट्रे विकत होतो. त्यांचे पैसे परत केले, ते एक वेळ सोडा. पण वडिलांना काही झालं का, काय तपासून घ्यायचं, हे विचारायला जावं कुठे? एका कार्यालयात पिशवी घेऊन गेलो. 'गहू आमच्याकडचं पीक नाही, बिल आणा.' सुट्या मालाचं बिल दुकानदार देत नाही. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, खाण्याच्या वस्तूची तक्रार वेगळीकडे. तिथे गेलो तर, 'हे बियाणं आहे, अन्न नव्हे.' म्हणजे मी खाल्लं म्हणून ते बियाणं नाही आणि दुकानात बियाणं म्हणून विकलं म्हणून ते अन्न नाही! शेवटी एका साहेबांनी मायेने विचारलं, 'पण तुम्ही ते प्यालातच कशाला?' पिशवी घेऊन घरी आलो. वडील ठणठणीत आहेत, पण त्याचं श्रेय ना त्या दुकानाला ना त्या टेबलांना.

असो. चांगला गहू पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात मिळतो, दळायला नेतो तोच. फक्त विचारून घ्या, वर्षभर टिकावा म्हणून त्याला बोरिक पावडर चोळलीय का. चोळली असेल तर तो नको. रेशनच्या गव्हात तुटके दाणे फार, तेही कुजतात. मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन दिवसांत शंभरातले नव्वद तरी फुटले तर तो गहू घ्या, नाहीतर चपात्या करा.

आता बुरशी. आधी ती बुरशीच आहे का बघा. मुळांजवळ दिसणारी पांढरी लव ही मुळांचीच असते, पाणी फवारलं की चिकटून दिसेनाशी होते. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी देठादेठांमधून पसरते, पाण्याने जात नाही आणि वास येतो. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांनी लव बघून चांगले ट्रे फेकलेत.

खरी असेल तर पाण्याला दोष देऊ नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच एवढी ओल असते की पानांतून पाणी उडतच नाही, ट्रे दिवसभर ओला राहतो. पावसात बी एक तृतीयांश कमी पेरा, दाण्यावर दाणा चढता कामा नये. पाणी वरून शिंपडू नका. भोकांचा ट्रे दुसऱ्या ट्रेत ठेवून खालून द्या आणि उरलेलं ओतून टाका. टेबलफॅन हळू लावून सोडा. करंट गेला तर निदान खिडकीत तरी ठेवा. विहिरीचं पाणी पावसात गढूळ होतं, ते उकळून गार करूनच वापरा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलं तर दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. बुरशी एका कोपऱ्यात आली म्हणून तेवढीच कापून बाकीचा रस काढायचा, हे कोणी सुचवलं तर ऐकू नका.

माझं मत विचाराल तर पावसात गव्हांकुर करूच नये. कोवळी रोपं खायला मुळा, मोहरी लावा, लवकर हाताशी येतात. तांबडी भाजी तर आपलीच आहे, बाजारात भाजी विकणाऱ्या बाईकडे घरचं राखलेलं बी मागा, त्याला सहसा कोणी औषध चोळत नाही. बारीक बी आहे, वाढतं सावकाश, पण कोवळे गुलाबी देठ सोलकढीवर टाकून बघा. टोमॅटो, वांगी, मिरची यांची कोवळी रोपं मात्र खायची नाहीत, ती विषारी असू शकतात. राजमाही कच्चा नको. गव्हांकुर नोव्हेंबरनंतर करा, तेव्हा तो चुकतच नाही.

रसाबद्दल थोडंच. गवत वीतभर झालं की, कांडं धरायच्या आत, मुळापासून बोटभर वर कापा. साध्या मिक्सरमध्ये थोडं पाणी घालून थांबत थांबत फिरवा आणि फडक्यातून पिळा, चोथा पचत नाही. लगेच प्या. हळू फिरणारा ज्यूसर असेल तर उत्तमच, पण त्यासाठी मुद्दाम पैसे घालू नका.

आणि ताई, तुम्ही आईंच्या हिमोग्लोबिनसाठी हे करताय असं लिहिलंय म्हणून सांगतो. मी डॉक्टर नाही. पानांतल्या हरितद्रव्याची रचना हीमसारखी, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोहाच्या भागासारखी असते हे खरं, पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या लोह. प्यायलं म्हणजे रक्त झालं, असं होत नसतं. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर बंद करू नका. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रस देऊच नका, हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. ती पिशवी मात्र फेकू नका. त्यातले थोडे दाणे बाजूला ठेवा आणि आईंना जुलाब-उलटी काही झालं असेल तर डॉक्टरांकडे जाताना घेऊन जा. दुकानदाराला मूळ थैलीचा फोटो मागा, औषधाचं नाव तिच्यावर असतं. देईल की नाही माहीत नाही, मला नाही दिला.