यूएफडब्ल्यू (उबंटू लिनक्सची फायरवॉल) चालू केल्यावर एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची वाट) तुटू नये म्हणून काय करावं?
क्रम चुकला की स्वतःच्याच सर्व्हरच्या दाराबाहेर बसावं लागतं. मी बसलोय, तेही रात्री दीड वाजता.

उबंटूवर 'एनेबल' करण्याआधी एसएसएचला वाट द्या: 'सुडो यूएफडब्ल्यू लिमिट २२/टीसीपी'. २२ हा एसएसएचचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक; तो बदलला असेल तर तुमचा आकडा टाका. 'लिमिट'मुळे एकाच आयपीवरून ३० सेकंदांत ६ वेळा जोडणीचा प्रयत्न झाला की पुढचे अडवले जातात. मग बाहेरून येणारं सगळं डीफॉल्टने बंद, वेबसाइट असेल तर ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट उघडे, आणि सगळ्यात शेवटी 'एनेबल'. चालू सेशन तसंच ठेवा, दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होतंय का ते आधी बघा.

खरी मेख डॉकरची आहे, म्हणजे अ‍ॅप्स वेगवेगळ्या कंटेनरमध्ये (बंदिस्त डब्यांत) चालवणाऱ्या साधनाची. पोस्टग्रेस डेटाबेसच्या कंटेनरचा पोर्ट '५४३२:५४३२' असा पब्लिश केलात (बाहेरून जोडता येईल असा उघडलात), की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉल-नियमांत) स्वतःचे नियम घुसवतो. यूएफडब्ल्यू बिचारं 'डिनाय' (अडवलंय) दाखवत राहतं आणि तिकडे पोस्टग्रेस जगाला उघडं! '१२७.०.०.१:५४३२:५४३२' असं लिहा, म्हणजे ते त्या मशीनपुरतंच राहील. 'यूएफडब्ल्यू स्टेटस'वर विसंबू नका, दुसऱ्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) मारून बघा. आयपीव्ही६ असेल तर त्या पत्त्यावरही.