तेजोमेघाचं अंतर मोजायचंय? आधी एवढं करा

साताऱ्यात बसून हे काम नक्की जमतं. अँटेना नको, अमेरिकेतल्या व्हीएलए या अनेक अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा जुना डेटा मोफत मिळतो. लॅपटॉपवर लिनक्स टाका, कारण या डेटातून चित्र बनवणारं कासा हे सॉफ्टवेअर विंडोजवर थेट चालत नाही.

ही पद्धत ग्रहीय तेजोमेघांसाठी, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने फेकलेल्या आणि फुगत जाणाऱ्या वायूच्या कवचांसाठी आहे. पहिला एनजीसी 7027 घ्या. हंस तारकासमूहातला हा मेघ रेडिओत चांगला तेजस्वी आहे.

हिशेब सोपा: वायू खरा किती वेगाने पसरतो आणि आकाशात मेघ किती वाढलेला दिसतो, यांच्या तुलनेतून अंतर कळतं. वर्णपटावरून प्रसरणाचा वेग किमी/सेकंदात घ्या, 211 ने गुणा आणि त्रिज्येच्या वार्षिक वाढीने (मिलीआर्कसेकंदात, म्हणजे अंशाच्या 36 लाखाव्या भागात) भागा. अंतर पार्सेकमध्ये येतं (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं). वेग 20, वाढ 4, तर अंतर 1055 पार्सेक.

खरी कसोटी ही वाढ पकडण्यात आहे. दहा वर्षांत फक्त 40 मिलीआर्कसेकंद! व्हीएलएच्या अँटेना सर्वात लांब, म्हणजे साताऱ्याहून वाईला जाण्याइतक्या, 36 किलोमीटरवर पसरल्या तरी 5 गिगाहर्ट्झला चित्रातला बारीकात बारीक ठिपकाही या वाढीच्या दसपट जाड असतो. म्हणून दोन चित्रांवर पट्टी लावू नका, नव्यातून जुनं वजा करा. कडेला बाहेरून उजळ, आतून काळं कडं दिसलं की प्रसरण सापडलं.

नवशिके इथे चुकतात:
- दोन्ही निरीक्षणांची वारंवारता किंवा अँटेनांची रचना वेगळी घेतात. मग मेघ न वाढताही वाढलेला दिसतो.
- कॅलिब्रेटर, म्हणजे मोजमाप जुळवायला वापरलेला संदर्भ स्रोत, बदलतात. तोही दोन्ही वेळी एकच हवा.
- मेघ गोल धरतात. वेग आपल्या दिशेचा, वाढ मात्र आडवी. लांबट मेघात उत्तर हमखास बिघडतं.

आयनीकरणाची कड, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाने विद्युतभारित झालेल्या वायूची सीमा, वायूपेक्षा वेगाने सरकते, त्याची दुरुस्ती नंतर बघू. आधी वजाबाकीतलं ते कडं स्वच्छ येऊ द्या.