पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणून मेजापासून दूर?

प्रश्न : आमची भायखळ्याची मराठी मंडळी, सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची), साठेक कुटुंबांची. माझ्या धाकट्या दिरासह सात तरुणांनी दुसऱ्या एका मंडळीत जाऊन, पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. तान्हेपणी डोक्यावर पाणी घातलं तो बाप्तिस्माच नव्हे, असं ते म्हणतात. सासूबाईंनी तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलंय. पाळकसाहेबांनी सातही जणांना प्रभुभोजन घेऊ नका म्हणून सांगितलं. आता सभेत मतदान घ्यायचं चाललंय. मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत आहे. घरी आणि देवळात, दोन्हीकडे माझीच ओढाताण होते. काय करू?

उत्तर : ताई, आधी ते मतदान थांबवा. समजा चाळीस विरुद्ध वीस मतं पडली, तर ती वीस माणसं पुढच्या रविवारी वाशीच्या नाहीतर मालाडच्या मंडळीत जाऊन बसतील. शिवाय बाप्तिस्म्याचा अर्थ हात वर करून ठरत नाही, हे हात वर करणाऱ्यांनाही ठाऊक असतं.

तुमची मंडळी ज्या चर्चची आहे, ते याच प्रश्नावर एकमत नसलेल्या लोकांनी उभं केलंय, हे सभेत कुणीतरी सांगायला हवं. 1929 साली लखनौला बोलणी सुरू झाली आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेस एक झाली. अँग्लिकन आणि युनायटेड चर्चवाले बाळांना बाप्तिस्मा देणारे, तर बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स विश्वास कबूल केल्यावरच पाण्यात उतरवणारे. 41 वर्षांत कुणी कुणाला पटवलं नाही. दोन्ही पद्धती मान्य, कुटुंबानं निवडावी, एवढंच ठरलं.

मात्र हे दोन पर्याय आहेत. एकापाठोपाठ दोन्ही घ्यायचे नसतात. बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही टाळावं, हे चर्चेसच्या जागतिक परिषदेच्या 1982 च्या लिमा दस्तऐवजातही स्पष्ट आहे. तेव्हा मुलांचं चुकलंच. पहिला बाप्तिस्मा रद्द म्हणणं म्हणजे आईबापांनी देवापुढे केलेला करार खोटा म्हणणं. सासूबाईंना नेमकं तेच लागलंय.

तरीही मेज, म्हणजे प्रभुभोजन, बंद करणं हा उपाय नव्हे. जेवणाच्या ताटावरून उठवलेलं माणूस वाद विसरतं, उठवलेलं विसरत नाही. पुढच्या प्रभुभोजनाआधी पाळकसाहेबांना एकट्यानं भेटा, चारचौघांत नको. त्यांना सांगा, निर्णय बिशपसाहेबांकडे न्या आणि तोवर मेज खुलं ठेवा. माघार घेतली असं दिसणार नाही अशी वाट दिली, तर पाळकही माणूसच आहे, घेतो.

मग बैठक. रविवारी उपासनेनंतर घेऊ नका. लोक भुकेले असतात आणि लोकलची वेळ बघत असतात. शनिवारी संध्याकाळी, दोन तास, दोन्हीकडचे मिळून बाराच्या वर नकोत. अध्यक्ष दुसऱ्या मंडळीतला एखादा वडीलधारा असावा. पहिली चाळीस मिनिटं एकच काम : प्रत्येक बाजूनं समोरच्याचं म्हणणं मांडायचं, समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत. दिराला, बाळांच्या बाप्तिस्म्याच्या बाजूनं, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 16 मधल्या तुरुंगाधिकाऱ्याच्या सगळ्या घराचा बाप्तिस्मा समजावून सांगावा लागेल. वडीलधाऱ्यांना ‘आधी विश्वास, मग पाणी’ हे तोंड वाकडं न करता म्हणावं लागेल. पहिल्या खेपेला टोमणा निघतोच, तेव्हा अध्यक्षानं पुन्हा म्हणायला लावायचं. इथे घाई केली की उरलेली ऐंशी मिनिटं वाया जातात.

त्यानंतर कोण काय करणार, एवढंच कागदावर घ्या, सहा महिन्यांसाठी. मुलांनी मंडळीतल्या इतर कुणाला पुनर्बाप्तिस्म्याला नेऊ नये आणि आपल्या पाण्यात उतरण्याला विश्वासाची जाहीर कबुली म्हणावं. मंडळीनं, ज्या आईबापांना बाप्तिस्म्यासाठी मूल मोठं होईपर्यंत थांबायचंय त्यांच्या बाळासाठी नुसती उपकारस्तुती आणि आशीर्वादाची प्रार्थना करावी, नाक न मुरडता. मुलांना संडे स्कूल आणि गायनातून काढू नये. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वचनं फेकणं बंद. या विषयावरचं बोलणं समोरासमोरच.

हॉलची किल्ली, फंड आणि कमिटीतल्या जागा या चर्चेत येऊ देऊ नका. बाप्तिस्म्याच्या नावाखाली बरेचदा तेच भांडण चाललेलं असतं. देवळाची जागा कुठल्या ट्रस्टच्या नावावर आहे ते आधी कागदावर पाहा. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज जातो आणि दोन तटांनी तो लढवला की वर्षानुवर्षं त्यांच्या वरळीच्या कचेरीच्या खेपा सुरू.

सगळं जमेलच असं नाही. प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये यरुशलेमेत सुंतेचा एवढा मोठा वाद मिटला आणि त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा वेगळे झाले, तेही मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून. पुढे तीमथ्याला लिहिताना पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणतो. सातांतले एकदोन गेले तर निरोपाची प्रार्थना करून जाऊ द्या. सभासदांच्या यादीतलं नाव लगेच खोडू नका.

घरी तुम्ही मध्यस्थी थांबवा. दिराचे आणि सासूबाईंचे निरोप एकमेकांना पोचवायचे नाहीत. दिराला एवढंच सांगा, आईजवळ बसून आपल्या पहिल्या बाप्तिस्म्याची हकिगत विचार. कुठल्या देवळात, पाणी कुणी घातलं, त्या दिवशी घरी कोण कोण जेवायला होतं. दाखला त्यांच्या कपाटात असेलच, तो काढायला लावा.