फुकटचे डेस्कटॉप घड्याळ किंवा हवामानपट्टी घरच्या संगणकावर बसवणे सुरक्षित असते का?

सरसकट नाही. 1999च्या सुमारास आलेला बॉन्झी बडी हा जांभळ्या गोरिलाच्या रूपातला संगणक-प्रोग्राम पडद्यावर गप्पा मारत असे, गाणी म्हणत असे आणि फुकट मिळत असे. मात्र मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केल्याबद्दल त्याच्या कंपनीला 2004 साली अमेरिकेत 75,000 डॉलर दंड भरावा लागला. अशा उपकरणाची किंमत बहुधा आपल्या माहितीतूनच वसूल होते. कित्येकदा दोष मूळ घड्याळाचा नसून, त्याच्याबरोबर मुकाट्याने बसणाऱ्या टूलबारचा (ब्राउझरमधल्या जादा पट्टीचा) असतो, कारण इन्स्टॉल करताना आधीच टिक केलेली चौकट न वाचता आपण ‘नेक्स्ट’ दाबत जातो.

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा धोका वेगळ्या वाटेने येतो. एकाच घरात मराठीतून अर्ज आणि कन्नडमधून जमिनीचा उतारा हाताळावा लागत असल्याने लोक कुठूनही फुकटचे टायपिंग सॉफ्टवेअर उतरवून घेतात. कळफलकावरची प्रत्येक कळ वाचणे हेच ज्याचे काम, त्याने बँकेचा पासवर्डही वाचला तर नवल काय? विंडोज 10च्या 2019 मधील आवृत्तीपासून मराठी आणि कन्नड, दोन्हींचे फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचे) कळफलक सेटिंग्जमध्येच मिळतात, तेच वापरावेत.

आधीच काही बसवले असल्यास ‘अ‍ॅप्स’ची यादी तारखेनुसार लावून अनोळखी नावे काढून टाकावीत, ब्राउझरमधील एक्स्टेन्शन्सही (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) तपासावीत, नंतर विंडोजमधल्याच मायक्रोसॉफ्ट डिफेंडर (पूर्वीचे विंडोज डिफेंडर) या अँटिव्हायरसचे पूर्ण स्कॅन चालवावे आणि पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत.